एका म्यानात अनेक तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. राज्यकारभाराचा ज्यांना थोडाबहुत अनुभव आहे, ते या म्हणीची सत्यता नाकारणार नाहीत. तथापि गेल्या साठ वर्षांत मानवी बुद्धीने असे एक म्यान घडविले आहे, की त्यात दोनच काय, पण शंभर तलवारीदेखील एकमेकींना न लागता नांदतात. आणि नवल असे, की त्यांतील बहुतेक तलवारी हे म्यान केवळ आपल्या एकटीसाठीच आहे, अशा समजुतीने वागत असतात. हे म्यान म्हणजे संगणक, आणि या तलवारी म्हणजे त्यावर राज्य करणाऱ्या कार्यप्रणाली. त्यांच्या सहवासाचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे. हा विषय वरवर यंत्रशास्त्राचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी सत्ता, विश्वास आणि मालकी हे आपल्या नित्य परिचयाचे तीन प्रश्न आहेत.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय, हे पाहू. विंडोज किंवा लिनक्स ही नावे आज घरोघरी ऐकू येतात. संगणकाची स्मृती कोणाला किती द्यावयाची, त्याच्या प्रोसेसरने कोणाचे काम आधी करावयाचे, लिहिलेला मजकूर चकतीवर कोठे ठेवावयाचा, हे सारे निर्णय कार्यप्रणाली घेते. ती त्या यंत्राची एकछत्री सत्ताधीश असते. आपल्याहून वरिष्ठ कोणी असू शकेल, ही कल्पनाच तिच्या रचनेत मुळात नसते. असे असता दोन सत्ताधीश एकाच यंत्रावर एकाच वेळी कसे नांदावेत? आणि मुळात अशी गरज तरी का पडावी?

गरज पडली ती दुर्मिळतेमुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण मंडळाने स्वदेशी संगणक बांधला. १९६० साली तो कामास लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. या यंत्राच्या स्मृतीत अवघे २,०४८ शब्द मावत, आणि शब्द म्हणजे ४० अंकांचा एक गट. आज खिशातील साध्या दूरध्वनीची स्मृती त्याहून लक्षावधी पटींनी मोठी असते. पुढे १९६४ साली त्याच संस्थेत सी. डी. सी. ३६०० हा परदेशी संगणक आला, आणि देशभरातील संशोधक आपली गणिते घेऊन मुंबईची वाट धरू लागले. पंचकार्डांचे गठ्ठे खिडकीपाशी द्यावयाचे, आपली पाळी येण्याची प्रतीक्षा करावयाची, आणि एखादे स्वल्पविराम चुकल्याचे कळले की पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावयाचे, अशी त्या काळातील जगभरची रीत होती. यंत्र मौल्यवान होते. माणसाचा वेळ मात्र स्वस्त मानला जाई.

ही रीत मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत झाला. फर्नांडो कोर्बाटो यांनी १९६१ साली असे दाखवून दिले, की यंत्राचा वेळ क्षणाक्षणांत वाटून दिला, तर अनेक माणसे एकाच वेळी त्याच्याशी संवाद साधू शकतात. माणसाच्या दोन अक्षरे उमटविण्याच्या मधल्या अवधीत यंत्र दुसऱ्याचे काम करून परत येते. परंतु येथे कार्यप्रणाली एकच होती. प्रजा अनेक आणि राजा एक, असा तो प्रकार होता. एकाच्या चुकीने राजा कोसळला, तर साऱ्यांचेच काम बुडे.

त्याच नगरीत, केंब्रिजमध्ये, आय. बी. एम. कंपनीची एक छोटी प्रयोगशाळा १९६४ साली निघाली. तेथील रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी प्रश्न निराळ्या बाजूने हाती घेतला. यंत्राचा वेळ वाटून देण्याऐवजी यंत्रच वाटून दिले तर? प्रत्येक माणसाला एक संपूर्ण संगणक मिळाल्याचा भास निर्माण करावा. त्यावर त्याने आपल्या पसंतीची कार्यप्रणाली चालवावी. आणि या साऱ्या आभासांच्या खाली एक लहानसा, अतिदक्ष नियंत्रक बसवावा. सिस्टीम ३६० घराण्यातील एका यंत्रात खास फेरफार करून त्यांनी ही योजना उभी केली. सी. पी. ४० हे तिचे नाव. १९६७ सालच्या आरंभी ती नित्याच्या वापरात आली आणि एका यंत्राच्या पोटात १४ यंत्रे नांदू लागली. पाठोपाठ सी. पी. ६७ आली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये कंपनीने व्ही. एम. ३७० या नावाने ही विद्या बाजारात आणली. कार्यप्रणालीस ‘सुपरवायझर’ म्हणण्याची तेव्हा प्रथा होती. म्हणून तिच्याही वरच्या या नियंत्रकास ‘हायपरवायझर’ म्हणू लागले. आपण त्याला यजमान म्हणू, आणि त्याच्या आश्रयाने चालणाऱ्या कार्यप्रणालींना पाहुणे.

हा भास टिकतो कसा, हे समजण्यासाठी आपल्याच इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडेल. ज्या भूमीत भिलाई, दुर्ग आणि बोरसी वसलेली आहेत, त्या छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले असता त्यांनी वाटेत रतनपूर जिंकले. परंतु तेथील हैहय घराणे लगोलग पदच्युत केले नाही. राजा गादीवर राहिला, फक्त त्याच्या वर आता नागपूर होते. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला. त्यांचा दरबार स्वतःचा, सैन्य स्वतःचे. दैनंदिन व्यवहारात ते स्वतंत्र राजासारखेच वागत. नागपूरची सत्ता डोळ्यांना दिसत नसे, तरी ती नव्हती असे मात्र कोणी म्हणणार नाही.

संगणकातही हेच घडते. पाहुण्या कार्यप्रणालीच्या बहुतेक आज्ञा, म्हणजे बेरीज, वजाबाकी, अक्षरांची उचलठेव, या थेट प्रोसेसरवर चालतात. यजमान त्यांत हात घालीत नाही. म्हणूनच वेग टिकून राहतो. पण स्मृतीच्या सीमा बदलणे, चकतीवर लिहिणे, यंत्र थांबविणे, अशा सार्वभौम आज्ञा पाहुण्याने दिल्या, की प्रोसेसर त्या पाळण्याऐवजी काम तेथेच अडवून यजमानाच्या स्वाधीन करतो. यजमान ती आज्ञा तपासतो, पाहुण्याच्या वाट्याच्या मर्यादेत राहून ती स्वतः पार पाडतो, आणि ‘आपल्या हुकमाप्रमाणे झाले’ असे उत्तर परत पाठवितो. पाहुणा यंत्र बंद करतो. प्रत्यक्षात बंद होते ते त्याचे आभासी यंत्र. शेजारच्या पाहुण्यास याची वार्ताही नसते.

जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ साली या विद्येस शास्त्राचे रूप दिले. त्यांनी यजमानासाठी तीन कसोट्या घालून दिल्या. पाहुण्याचा कार्यक्रम खऱ्या यंत्रावर जसा चालला असता तसाच येथेही चालावा, ही पहिली. बहुतांश आज्ञा मध्यस्थीशिवाय चालाव्यात, ही दुसरी. आणि यंत्राच्या साधनसंपत्तीवर अखेरचा ताबा यजमानाचाच असावा, ही तिसरी. यासाठी प्रोसेसरची एक अट आहे: सार्वभौमत्वाला स्पर्श करणारी प्रत्येक आज्ञा अडविली गेलीच पाहिजे. एखादी जरी निसटली, तरी भास फुटला.

या विद्येचे आणखी एक कौतुक सांगण्यासारखे आहे. पाहुण्याच्या ठिकाणी दुसरा यजमान बसवून त्याच्याही पोटात पाहुणे चालविता येतात. केंब्रिजच्या मंडळींनी आपल्या नियंत्रकाच्या नव्या आवृत्त्या अशाच जुन्या नियंत्रकाच्या पोटात चालवून तपासल्या. रतनपूर नागपूरच्या अंमलाखाली, आणि नागपूरचे सेनासाहेब सुभा साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक. तेव्हा ही उतरंड मराठी मनाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. साठीच्या दशकात भारतीय कचेऱ्यांत व कारखान्यांत जे संगणक आले, त्यांतील मोठा भाग आय. बी. एम.चा होता, आणि तो बव्हंशी भाड्याने आलेला होता. इतरत्र वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे दुरुस्त करून येथे भाड्याने दिली जात. यंत्र आपल्या कचेरीत, वीज आपली, माणसे आपली. मालकी मात्र कंपनीची. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकीय भागभांडवल कमी करण्याची अट पुढे आली. कंपनीने ती मान्य केली नाही आणि १९७८ साली ती भारतातून निघून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सी. एम. सी. या सरकारी संस्थेने अंगावर घेतली.

याच कालखंडातील भिलाईचे उदाहरण याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. येथेही यंत्रे परकी होती, नकाशे परके होते, तज्ज्ञही परके होते. परंतु आपले अभियंते सोव्हिएत देशात जाऊन शिकून आले, पाहुणे तज्ज्ञ आपापल्या घरी परतले, आणि भट्टी मात्र आपली होऊन राहिली. परक्याकडून साधन घेणे यात कमीपणा नाही. त्या साधनाची किल्ली अखेर कोणाच्या हाती राहते, हा खरा प्रश्न आहे. आपल्या विषयाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे.

ऐंशीच्या दशकात लहान संगणक आले आणि यजमान-पाहुण्यांची ही विद्या जवळजवळ विस्मृतीत गेली. प्रत्येकास मेजावर स्वतंत्र यंत्र मिळू लागल्यावर एकत्र नांदण्याची यातायात कोण करील? शिवाय घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांत एक उणीव होती. काही सार्वभौम आज्ञा पाहुण्याने दिल्या, तर प्रोसेसर त्या अडवीत नसे. मुकाट्याने अर्धवट पाळून पुढे जाई. पेंटियम प्रोसेसरात अशा १७ आज्ञा असल्याचे २००० साली एका अभ्यासात मोजून दाखविण्यात आले. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या कसोटीस हे यंत्र उतरत नव्हते.

पण स्वस्ताई हीदेखील एक आपत्ती ठरू शकते. प्रत्येक विभागाने आपल्या प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घ्यावा, अशी रीत पडली. पगारपत्रकास एक, टपालास एक, आवक-जावक नोंदीस आणखी एक. यंत्रांनी खोल्या भरल्या, वातानुकूलनाचे देयक वाढले, आणि यांतील कित्येक यंत्रे आपल्या शक्तीच्या दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक राबत नसत. एकेका माणसाला एकेक वाडा बांधून द्यावा आणि त्याने ओसरीवरच मुक्काम करावा, तशी ही गत झाली. दुर्मिळतेतून जन्मलेली विद्या आता उधळपट्टीवरील उपाय म्हणून पुन्हा आठवली.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जुन्या कल्पनेस नवा प्राण दिला. १९९८ साली रोझेनब्लम, डायेन ग्रीन आणि त्यांचे सहकारी यांनी व्ही. एम. वेअर ही कंपनी काढली, आणि १९९९ साली तिचे पहिले उत्पादन बाहेर पडले. न अडविल्या जाणाऱ्या आज्ञांवर त्यांनी शोधलेला तोडगा मोठा चतुर होता. पाहुण्याच्या आज्ञा चालण्यापूर्वीच वाचावयाच्या, धोक्याची आज्ञा दिसली की तिच्या जागी निरुपद्रवी आज्ञा लिहावयाची, आणि मगच पुढे जाऊ द्यावयाचे. केंब्रिज विद्यापीठाच्या, म्हणजे या खेपेस इंग्लंडमधील केंब्रिजच्या, संशोधकांनी २००३ साली ‘झेन’ नावाच्या प्रणालीत दुसरा मार्ग धरला. पाहुण्याला फसवावयाचेच कशाला? तू पाहुणा आहेस असे त्यास स्पष्ट सांगावे, आणि हवे ते त्याने थेट यजमानाकडे मागावे. अखेर २००५-०६ मध्ये इंटेल व ए. एम. डी. या कंपन्यांनी प्रोसेसरातच ही सोय केली, आणि आज्ञा अडविण्याचा प्रश्न मुळातून सुटला. त्या पाठोपाठ आव्ही किव्हिटी यांनी लिहिलेली ‘के. व्ही. एम.’ ही प्रणाली फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली. तिच्यायोगे कोणताही लिनक्स संगणक यजमान बनू शकतो. पाहुणा त्याच्या दृष्टीने इतर दहा कामांसारखेच एक काम ठरतो. ती विनामूल्य आहे, आणि तिची संहिता कोणालाही वाचता येते.

सरकारी कारभारावर याचा झालेला परिणाम माझ्यासारख्या नोकरीपेशातील माणसाला विशेष महत्त्वाचा वाटतो. केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने आपले क्लाउडविषयक धोरण आखले, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचा क्लाउड सुरू झाला. राज्याराज्यांत माहिती-केंद्रे उभी राहिली. क्लाउड हा शब्द आकाशातला असला, तरी त्याचे पाय जमिनीवर असतात: एका मोठ्या इमारतीत यजमान यंत्रांच्या रांगा, आणि त्यांच्या पोटात निरनिराळ्या खात्यांचे पाहुणे. शेतकरी आपल्या गावी बसून सातबाऱ्याचा उतारा काढतो, तेव्हा त्याच्या मागणीस उत्तर देणारे यंत्र बहुधा असे आभासीच असते.

यात सोयी अनेक आहेत. नवा सर्व्हर मागविण्यास पूर्वी निविदा, मंजुरी आणि खरेदी यांत महिने जात. नवा पाहुणा काही मिनिटांत उभा राहतो. पाहुण्याची जशीच्या तशी नोंद घेऊन ठेवता येते, आणि नवा बदल अंगाशी आला तर त्याला कालच्या स्थितीत परत आणता येते. यजमान यंत्र दुरुस्तीस काढावयाचे असेल, तर चालते पाहुणे न थांबविता दुसऱ्या यंत्रावर हलविता येतात. बिऱ्हाड हलले, पण चुलीवरचे दूध उतू गेले नाही! ज्या जुन्या कार्यप्रणालीस चालविणारे यंत्र आज बाजारात मिळत नाही, तीही पाहुणी म्हणून नव्या यंत्रावर जिवंत राहते, आणि तिच्यासोबत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची दप्तरेही वाचता येतात. जतनाच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

परंतु सहनिवासाचे धोके वाड्यात असतात तसेच येथेही असतात. पहिला धोका शेजाऱ्याचा. २०१५ साली ‘व्हेनम’ नावाचा एक दोष उघडकीस आला. पाहुण्यास फ्लॉपी चकतीचे यंत्र असल्याचा भास करून देणारा जो भाग होता, त्यात ही फट होती, आणि ती २००४ पासून तशीच राहिली होती. फ्लॉपी कोणी वापरीत नव्हते. तरी त्या पडीक दारातून पाहुण्यास यजमानाच्या घरात शिरण्याची शक्यता होती. २०१८ साली तर प्रोसेसरांच्या रचनेतच असे दोष आढळले, की त्यांच्यायोगे एका पाहुण्याला भिंतीपलीकडील स्मृतीचा मागोवा घेता यावा. मेल्टडाउन, स्पेक्टर आणि फोरशॅडो या नावांनी ते प्रसिद्ध आहेत. जगभर डागडुजी करावी लागली, आणि तीत यंत्रांचा वेगही काही प्रमाणात खर्ची पडला.

दुसरा धोका खुद्द यजमानाचा. तिसरी कसोटी आठवावी: साधनसंपत्तीवर अखेरचा ताबा यजमानाचा. सर्वसाधारण रचनेत पाहुण्याच्या स्मृतीतील प्रत्येक अक्षर यजमानाला वाचता येते. पाहुण्याने दार कितीही घट्ट लावले, तरी घर यजमानाचे. अलीकडे पाहुण्याची स्मृती प्रोसेसरनेच कुलूपबंद ठेवण्याच्या योजना निघाल्या आहेत; पण तेथेही विश्वास नाहीसा होत नाही, तो यजमानावरून प्रोसेसर बनविणाऱ्यावर सरकतो, इतकेच.

तिसरा धोका मालकीचा. ज्या व्ही. एम. वेअरच्या आधारावर जगातील हजारो संस्थांनी आपले पाहुणे वसविले होते, ती कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ताब्यात घेतली. एकदा पैसे भरून कायमचा परवाना विकण्याची जुनी पद्धत पुढच्याच महिन्यात बंद करण्यात आली आणि तिच्या जागी मुदतीची वर्गणी आली. देयके वाढल्याच्या तक्रारी अनेक देशांतून उठल्या. काहींनी वर्गणी भरली. काहींनी आपले बिऱ्हाड के. व्ही. एम.वर आधारलेल्या प्रणालींकडे हलविण्यास घेतले. १९७८ साली आपल्या देशाने जो धडा भाड्याच्या यंत्रांवरून घेतला होता, तोच आता भाड्याच्या यजमानावरून जगाला घ्यावा लागत आहे.

या इतिहासाचे तात्पर्य काय? एकत्र नांदण्यास भिऊ नये, हे तर खरेच. प्रत्येकाने निराळा वाडा बांधण्याची ऐपत कोणाही देशाची नाही, आणि तसे करणे शहाणपणाचेही नाही. परंतु आपण ज्याच्या घरी उतरलो आहोत तो यजमान कोण, त्याचे नियम आपल्याला वाचता येतात काय, आणि निरोप घ्यावयाची वेळ आली तर आपले सामान उचलून बाहेर पडता येईल काय, हे तीन प्रश्न पाहुण्याने उंबरठा ओलांडण्यापूर्वीच विचारले पाहिजेत. विशेषतः ज्याच्या गाठोड्यात लोकांच्या जमिनीचे, जन्ममृत्यूचे आणि निवृत्तिवेतनाचे कागद आहेत, त्याने तर ते लेखी विचारावेत.

आशेला जागा आहे. क्रीझी यांच्या काळी हा प्रयोग करण्यास एका मोठ्या कंपनीची प्रयोगशाळा आणि खास बनविलेले यंत्र लागले. आज बोरसीसारख्या वस्तीतील एखादी विद्यार्थिनी आपल्या साध्या संगणकावर यजमान मांडू शकते, त्यात दोन-चार पाहुणे बोलावू शकते, आणि इच्छा असेल तर त्या यजमानाची संपूर्ण संहिता ओळीओळीने वाचूही शकते. भिलाईच्या भट्टीची विद्या शिकण्यास आपल्या अभियंत्यांना परदेशी जावे लागले होते. ही विद्या तिच्या मेजावरच उघडी ठेवलेली आहे. ती वाचणारे डोळे आपल्याकडे जितके वाढतील, तितके आपण परक्या घरीही ताठ मानेने राहू, आणि स्वतःच्या घरी चांगले यजमान होऊ.